बारा अंश

वैजनाथची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं औरंगपुऱ्यातल्या तात्यासाहेब ठेकेदाराच्या कचेरीत सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी वैजनाथ स्वतः म्हणे. पुलाचा असो, सडकेचा असो की तळ्याच्या पाळीचा, नकाशावरचा आकडा एकदा त्याच्या हाताखालून गेला की तात्यासाहेब डोळे झाकून सही ठोकत.

आणि एप्रिलातल्या त्या सकाळी, सव्वानऊच्या सुमारास, त्याच वैजनाथच्या हातून चहाची बशी सुटून फरशीवर फुटली.

निमित्त झालं केशवच्या रजेच्या अर्जाचं. केशव म्हणजे कचेरीतला कारकून. राज्य मराठी झालं त्याला वर्ष होत आलं होतं, सरकारी कागद मराठीतून जायला लागले होते, आणि केशवला पुस्तकी मराठीचा असा काही शौक जडला होता की घरी बायकोजवळ तो पाणीसुद्धा जल म्हणून मागत असेल. अर्जात त्यानं लिहिलं होतं, 'मुलीस काल रात्रीपासून एकशे तीन अंश ताप असल्याकारणाने...'

वैजनाथला हसू आलं. त्यानं अर्ज बद्रीनाथपुढं धरला. बद्रीनाथ कचेरीचं गोदाम सांभाळी.

"शंभरातले एकशे तीन अंश कुठून आणले केशवरावांनी?"

"शंभरातले कशाला?" बद्रीनाथ म्हणाला. "अंश म्हणजे डिग्री. तापाची घ्या, कोनाची घ्या, डिग्रीला अंशच म्हणायलेत आता. शाळेतल्या पोरीलाबी ठावं हाय."

बशी फुटली ती इथं.

आता या माणसाला एवढं साधं माहीत कसं नव्हतं, असं कुणी म्हणेल. तर त्याचं असं आहे, वैजनाथ शिकला निजामाच्या राज्यात. घरी मराठी, देवापुढं संस्कृत, आणि शाळेत सगळं उर्दू. कोनाला तो जाविया म्हणत शिकला, कोनाच्या मापाला दर्जा, आणि शेकड्याच्या हिश्श्याला फीसद. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा तो पंचविशीचा होता, शिकून मोकळा झालेला. डोक्यातलं गणित काही झेंड्याबरोबर बदलत नाही. तो अजून मनातल्या मनात उर्दूतच गुणाकार करी आणि उत्तर मराठीत लिही. मराठी बोलण्यात त्याला कोण हरवणार? पण गणितातली मराठी त्यानं कधी शिकलीच नव्हती, आणि मराठी माणसानं मराठी शब्दाचा अर्थ कुणाला विचारायचा, तेही चारचौघांत, या लाजेनं त्यानं ती शिकूनही घेतली नव्हती.

काल दुपारी हर्सूलच्या पलीकडून, काळ्या टेकाच्या कामावरून, ओव्हरसियर नानासाहेबांचा कागद आला होता. नानासाहेब पुण्याकडचे, नवे आलेले. टेकावरून खाली नाल्यावर रोलर न्यायचा होता, त्यासाठी उताराचं माप त्यांनी पाठवलं होतं. वळणापर्यंत 'शेकडा आठ'. वळणाच्या पुढं 'बारा अंश'.

शेकडा त्याला समजत होता. अंशापाशी तो घटकाभर थांबला होता. अंश म्हणजे भाग, हिस्सा. देवाचा अंश म्हणतात तसा. शंभरातले बारा भाग. सरकार रोज एक नवा शब्द काढतंय, हाही त्यातलाच, असं म्हणून त्यानं पेन उचललं होतं. बद्रीनाथ तेव्हाही याच खुर्चीवर, हाताच्या अंतरावर बसला होता.

आणि मग त्यानं चिठ्ठी लिहिली होती. रोलरवाल्या फकिराला.

फकिराला शेकडा कळत नसे, नकाशा तर अजिबात नाही. त्याचं माप बोटांचं. एक हात लांबीची एक फळी त्यानं केली होती, तिच्यावर पाण्याची आडवी शिशी बांधलेली. उतारावर फळी धरायची, शिशीतला बुडबुडा मध्ये आला की फळी सपाट झाली, आणि मग फळीच्या उताराकडच्या टोकाखाली किती बोटं मावतात ते मोजायचं. हाताला तीन बोटांपर्यंत रोलर ब्रेकला ऐकतो. "चौथं बोट घुसलं की रोलर माझा नाय, यमाचा," असं तो म्हणे. दहा टनांचं लोखंड ते. घसरायला लागलं की त्याला आई-बाप नाही.

जुन्या मापात एक हात लांबी म्हणजे चोवीस बोटांची रुंदी. म्हणजे शेकड्याला चोवीसनं गुणलं आणि शंभरानं भागलं की फकिराची बोटं निघतात. दोन वर्षांपूर्वी वैजनाथनंच ही युक्ती काढली होती आणि त्याचा त्याला कोण अभिमान. बारा गुणिले चोवीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी. भागिले शंभर, दोन बोटं आणि अठ्ठ्याऐंशी. त्यानं झोकात लिहिलं होतं, 'वळणापुढे हाताला तीन बोटांच्या आत. उतरण्यास हरकत नाही.' खाली सही.

चिठ्ठी काल संध्याकाळीच कामावर गेली होती.

वैजनाथनं ड्रॉवरमधून कोष्टकांचं पुस्तक काढलं. बारा दर्जाचा टॅन. दशांश दोन एक दोन सहा. गुणिले चोवीस. त्यानं पेन टेकवलं आणि उत्तर येण्याआधीच त्याला ते कळलं होतं.

पाच बोटं. वर थोडं.

आठ हातांना एक हात उतरतो असं त्यानं सांगितलेला रस्ता पावणेपाच हातांनाच एक हात खाली जात होता. रोलर दहाला सोडायचा होता. तात्यासाहेब नानासाहेबांना जीपमधून जालन्याला घेऊन गेलेले. काळ्या टेकावर फोन कुठला असायला?

"काय झालं हो?" बद्रीनाथनं विचारलं. "तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं."

"काही नाही. जरा हर्सूलकडं जाऊन येतो."

तेव्हासुद्धा त्याच्यानं खरं बोलवलं नाही. जिन्यावरून उतरताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण तो परत वर गेला नाही. केशवची सायकल खाली लावलेली होती, ती त्यानं न विचारताच घेतली.

औरंगपुऱ्याची गर्दी त्यानं कशी पार केली ते त्याचं त्यालाच आठवलं नसतं. एका हातगाडीला त्याचा गुडघा घासला, कुणीतरी "अबे ओ, अंधे" म्हणून ओरडलं. त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं, फकिरा लोखंडी खुर्चीवर बसलाय आणि खालून रस्ता निघून चाललाय. सात मैल. अर्धे चढाचे. अडतीस वर्षांचं, खुर्चीवर बसून बसून मऊ झालेलं अंग. पेडल मारता मारता तो हिशेब करत होता, आणि हिशेब हीच तर त्याची खोड. सात मैल, पाऊण तास. तास. दहा वाजून पंधरा. रोलर तापायला वेळ लागतो. फकिरा विडी ओढल्याशिवाय बसत नाही. दहा वाजून वीस.

चढ आला तसा तो उभा राहून पेडल मारू लागला.

हर्सूलचा तुरुंग मागं पडून टेक मैलभरावर राहिलं तेव्हा त्याच्या मनात आलं, अरे, फळी आहे की. वैजनाथच्या चिठ्ठीवर फकिरा थोडाच उतरणार आहे? तो आपली फळी लावेल, बुडबुडा बघेल, पाच बोटं मावली की माझ्या नावानं शिव्या घालेल आणि रोलर मागं घेईल. घालू देत शिव्या. आईवरून घालू देत. त्या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं सायकल थांबवून दोन घोट हवा पोटात घेतली.

तिथंच पुढं रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन चालली होती. सायकलचा आवाज ऐकून ती वळली. फकिराची बायको, सरूबाई.

"साहेब, तुम्ही इकडं?" तिनं पदर सावरला. "कामावरच चाललात का? मंग आमच्या मालकाला सांगा, भाकर येतीया म्हणावं."

"सरूबाई, फकिरा फळी घेऊन गेलाय ना?"

"कंची फळी?"

"ती. पाण्याच्या शिशीची."

सरूबाई हसली. "ती व्हय. ती घरीच हाय की. शेवया वाळू घातल्यात तिच्यावर. दिवाळीपातूर नेत व्हते, मंग म्हणले, वैजनाथसाहेबाची बोटं आन् माझी बोटं येकदाबी चुकली नाय, उगं वझं कामून वागवू. लई भरोसा हाय बघा त्यांचा तुमच्यावर. घरात तुमचंच नाव असतं."

तिला सांगावं असं वैजनाथच्या ओठांवर आलं होतं. पण सांगून ती काय करणार होती? डोक्यावरचं टोपलं टाकून धावली असती. त्यानं पाय पेडलवर ठेवला.

"साहेब, बरं नाय का तुम्हाला? थोडं पानी देऊ का?"

तो निघाला. मागून ती काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यात गेलं. आणि आता खरी भीती आली. मघाचची भीती अजून काहीतरी आधार धरून होती, हिला आधारच नव्हता. फकिरा आणि तो पाच बोटांचा उतार यांच्यामध्ये आता फळी नव्हती, ओव्हरसियर नव्हता, कुणी नव्हतं. वैजनाथचं अक्षर होतं. त्याचं सुंदर, गोल, कधीही न चुकणारं अक्षर. तो रडायला लागला होता, आणि रडत रडत पेडल मारत होता. एका गाडीवानानं बैल बाजूला घेऊन त्याला वाट दिली.

काळ्या टेकावर पोचला तेव्हा रोलर तिथं नव्हता.

मुरमावर रुंद, गुळगुळीत पट्टा उमटलेला होता आणि तो उताराकडं गेला होता. कारभारी मुकादम दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"फकिरा कुठंय?"

"आत्ताच सोडला की. तुमची चिठ्ठी वाचून दाखवली म्या त्येला. हरकत नाय म्हणल्यावर..."

वैजनाथनं सायकल टाकली. वरून पाहिलं तर रस्ता कसा गरिबासारखा वाटत होता, हळूहळू वळणापर्यंत जाणारा. शेकडा आठ. वळणाच्या पुढचं वरून दिसतच नव्हतं. रोलरची धडधड ऐकू येत होती, पाठ दिसत होती, आणि पाठीच्या पुढं ते वळण.

रस्त्यानं धावून उपयोग नव्हता. धडधडीत मागची हाक फकिराला ऐकू जाणार नाही. वैजनाथ रस्ता सोडून सरळ टेकाच्या अंगावर घुसला, वळणाच्या खाली निघेल असा. धोतर बाभळीला अडकलं, फाटलं. एक चप्पल गेली. दगडांवरून तो निम्मा धावला, निम्मा घसरला, आणि वळणाच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध हातापायांवर येऊन पडला. उठला तेव्हा समोर रोलर होता.

पुढचं चाक वळणातून बाहेर आलं होतं आणि उताराच्या तोंडाशी वाकलं होतं. वर फकिरा. टोपीखाली तोंड निवांत.

"थांब," वैजनाथ ओरडला. "फकिरा, थांब."

फकिरानं त्याला पाहिलं. साहेब अचानक समोर कसे, म्हणून तो हसला आणि त्यानं सलामासाठी हात वर केला. ऐकू काहीच गेलेलं नव्हतं.

मग वैजनाथनं उजवा हात उचलला. पाचही बोटं ताणून. डाव्या हाताच्या एका बोटानं तो ती बोटं एकेक करून दाखवत होता आणि मग खालचा रस्ता दाखवत होता. पाच. इथं पाच. इथं पाच.

फकिराचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याला कळलं. बोटं त्याला कळत होती.

त्यानं ब्रेक ओढला. चाकं थांबली. रोलर थांबला नाही. सुटी खडी चाकाखाली करकरली आणि दहा टन लोखंड न फिरणाऱ्या चाकांवर वैजनाथकडं सरकायला लागलं, अगदी हळू, कुणाला घाई नसल्यासारखं. पळ, असं वैजनाथ स्वतःला सांगत होता. त्याचा हात अजून तसाच वर होता. इंजिनाचा तापलेला वास त्याच्या तोंडावर आला. मग फकिरा उभा राहिला, सगळं अंग त्यानं स्टिअरिंगवर टाकलं, चाक टेकाच्या बाजूला वळलं, आणि रोलर एक मोठा आवाज करून मुरमाच्या भिंतीत घुसला. वरून मातीची दरड कोसळली. धडधड बंद पडली.

दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं.

मग फकिरा उतरला. उतरताना त्याचा पाय दोनदा चुकला. त्याची खाकी चड्डी समोरून ओली झाली होती आणि ते झाकायचं त्याला भान नव्हतं. तो वैजनाथजवळ येऊन खाली बसला. वैजनाथही बसला.

"पाच?" फकिरानं विचारलं.

"पाच. वर थोडं."

"कारभाऱ्यानं तर तीनच्या आत वाचलं."

"तसंच लिहिलं होतं मी. चुकलं."

"कसं चुकलं?"

सायकलवर येताना वैजनाथनं दोन उत्तरं तयार केली होती, खोटं कशाला बोला. एक, कागद पुसट होता. दुसरं, नानासाहेबांनीच घोळ घातला. दोन्ही खपली असती. फकिराला वाचता येत नव्हतं.

"मला मराठी येत नाही, फकिरा."

"आँ? मंग आत्ता काय बोलायलात?"

मग त्यानं सांगितलं. शाळेतलं, दर्जा आणि फीसद, आणि तो शब्द. अंश. त्याचा अर्थ आपण अंदाजानं कसा लावला ते. फकिरा माती चिवडत ऐकत होता.

"आन् हे बद्रीनाथला ठावं व्हतं?"

"होतं."

"ते कुठं असतेत बसायला?"

"माझ्या शेजारी."

"इचाराय किती येळ लागला असता?"

वैजनाथनं फाटलेलं धोतर गुडघ्यावर ओढलं. "लाज वाटली रे मला."

फकिरानं मान हलवली. तो चिडेल, अंगावर येईल, निदान एक सणसणीत शिवी तरी देईल, असं वैजनाथला वाटत होतं. त्यातलं काहीच झालं नाही, आणि म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली. फकिरा उठला. त्यानं रोलरभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकावरची माती हातानं पाडली, इंजिन बघितलं. मग वर चढून बसला.

"मागं घ्यावा लागंल. वळणापातूर. या, बसा वर."

"मी?"

"व्हय. हितं शेजारी उभं राहता येतं."

"मला भीती वाटते, फकिरा."

"मलाबी वाटायली," फकिरा म्हणाला. "एकोणीस वरसं रोलर हाकतोय. आजपातूर कधी वाटली नव्हती."

वैजनाथ चढला. लोखंड उन्हानं तापलं होतं. त्यानं दांडा धरला, तो हाताला चटका देत होता, तरी सोडला नाही. फकिरानं इंजिन चालू केलं. धडधड सुरू झाली, सगळं अंग हलायला लागलं. फकिराचा हात गिअरच्या दांड्यापर्यंत गेला आणि त्यावर नुसताच पडून राहिला.

फकिरानं इंजिन बंद केलं.

"साहेब," तो समोर बघत म्हणाला, "वळणामागं किती हाय वो?"

आत्ताच फकिरा त्याच रस्त्यानं उतरून आला होता. वैजनाथला आकडा तोंडपाठ होता. शेकडा आठ. आठ गुणिले चोवीस, भागिले शंभर, दोन बोटांना किंचित कमी. शेकडा या शब्दाबद्दल त्याला कसलीही शंका नव्हती, जन्मात कधी नव्हती. त्यानं तोंड उघडलं.

दोन म्हणायचं होतं. पण दोन हे कागदावरचं होतं, फळीवरचं नव्हतं.

फकिरा वाट बघत होता. पलीकडून वळणाच्या अंगानं सरूबाईची हाक ऐकू आली, भाकरी आणली म्हणून.

"मोजून सांगतो," वैजनाथ अखेर म्हणाला, आणि रोलरवरून खाली उतरला.